भाग्याचा हात

मित्रांनो, आपली हकीकत सांगायला बसलेले सगळे आधी आपली थोरवी सांगतात. माझ्याजवळ थोरवी थोडी आहे आणि तीही मी लाजत लाजतच सांगणार आहे. दिंगआजीच्या छपरात कोपऱ्याला जे जुने मुसळ पडलेले असते, ज्याच्यावर तुम्ही घोडा घोडा खेळता, ते मी. बसा, हरकत नाही. पोरांनी घाबरावे असे माझ्यात आता काही उरलेले नाही. पूर्वी होते.

मी छांगपाई डोंगराच्या पायथ्याच्या एका बोरीचे लाकूड. लुआन नावाच्या शेतकऱ्याने ती बोर तोडली, बुंधा दोन वर्षे सावलीत वाळवला, तासून गोल केला, मधोमध मुठीत मावेल एवढा बारीक केला आणि खालच्या टोकाला लोखंडाचे कडे ठोकले. त्याची बायको तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. मला पहिल्यांदा उचलताना ती म्हणाली की हे मुसळ कसले, ही तर दुसरी सासूच घरात आली. सगळे हसले आणि मीही मनातल्या मनात फुगले.

त्या वेळी स्वेई घराण्याचे राज्य नवे नवे होते. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे आमचा देश फुटलेला होता. उत्तरेत एक राजा, दक्षिणेत दुसरा, मध्ये रोजची मारामारी. आपला जन्म कोणाच्या राज्यात झाला हे म्हाताऱ्यांना आठवून आठवून सांगावे लागे. स्वेईंनी ते सगळे तुकडे जोडले. पहिला सम्राट चिकट आहे असे लोक म्हणत, पण चिकट राजा प्रजेला परवडतो. सरकारी कोठारे भरली आणि आमच्या घरातले रांजणही भरले.

ती माझी चांगली वर्षे. लुआनवहिनी राळे कांडायची आणि भिंतीपलीकडची दिंगकाकू, म्हणजे तुमची आजची दिंगआजी, येऊन सुपाने पाखडायची. एकीचे हात भरून आले की दोघी जागा बदलायच्या. दिंगकाकूचा नवरा लवकर गेला होता. तिला एकुलता एक मुलगा होता, आतुंग. वहिनीलाही एकच मुलगा, बोगुई. दोघेही उखळाजवळच रांगले, तिथेच सांडलेले दाणे वेचून खात मोठे झाले. सणाच्या आधी लांबच्या वाड्यांवरच्या बायका आपले राळे घेऊन यायच्या. लुआनांच्या मुसळाखाली दाणा फुटत नाही, असे त्या म्हणत. एवढीच माझी थोरवी, आणि ती इथे संपली.

पहिल्या सम्राटामागून त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला सगळे मोठे हवे असे आणि लगेच हवे असे. दक्षिणेचा तांदूळ उत्तरेला यावा म्हणून त्याने मोठा कालवा खणून घेतला. कालवा वाईट नव्हता. आज स्वेईंनंतर आलेल्या थांग घराण्याच्या नावा त्याच कालव्यातून चालतात आणि आजचे लोक त्याच पाण्यावर गब्बर झाले आहेत. पण तो खणायला गेलेले कितीतरी लोक घरी आले नाहीत. मग ल्याओ नदीपलीकडचे गाओलीचे राज्य जिंकायचे त्याने मनात घेतले. त्यासाठी जहाजे हवी होती, म्हणून आमच्या लुआनला समुद्रकिनाऱ्यावर नेले. तिथे माणसे दिवसरात्र कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फळ्या ठोकत. लुआन परत आला तो दोघांच्या खांद्यावरून. कमरेखाली त्याचे मांस कुजून त्यात किडे पडले होते. अकरा दिवसांनी तो गेला.

मित्रांनो, वजन ही वाईट गोष्ट नाही. माझ्यात वजन नसते तर राळ्याचा कोंडा सुटला नसता. स्वेई घराण्यातही तसे वजन होते, म्हणूनच तीनशे वर्षांचे तुकडे त्याच्या हाताखाली एकत्र आले. पण घाव घालणाऱ्याने खाली काय ठेवले आहे हे पाहिले पाहिजे, आणि कधी थांबायचे हेही समजले पाहिजे. ते त्या राजाला समजले नाही. मला तरी कुठे समजले?

पुढच्याच वर्षी सैन्यासाठी माणसे नेणार अशी बातमी आली. नोंदवहीत प्रत्येकाचे वय लिहिलेले असे, पण सरकारचा वहीवर विश्वास नव्हता. अधिकारी येई, सगळ्यांना ओळीने उभे करी आणि चेहरा पाहून वय ठरवी. लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा आमच्या भागात एक रीत सुरू झाली होती. ज्याला वाचायचे असेल तो आपला हात किंवा पाय मोडून घेई. मोडक्या माणसाला लढाईवर नेत नसत. अशा हाताला लोक भाग्याचा हात म्हणत आणि अशा पायाला भाग्याचा पाय. ज्या राज्यात मोडका हात हे भाग्य ठरते, ते राज्य किती दिवस टिकणार, हे खरे तर तेव्हाच कोणीतरी ओळखायला हवे होते.

एका सकाळी लुआनवहिनीने दाराला आतून अडसर घातला. उखळ तेव्हा अंगणात, भिंतीला लागून होते. बोगुई एकवीस वर्षांचा होता. आईने त्याच्या बापाच्या जखमा स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या. तिने मुलाला विचारलेसुद्धा नाही. तिने त्याचा उजवा हात उखळाच्या दगडी काठावर ठेवला आणि त्याच्या तोंडात आपल्या कमरेचे फडके घडी करून दिले.

"डोळे मीट," ती म्हणाली. "तुझ्या बापासारखा तू मला परत यायला नको आहेस. थोटा चालेल."

तिने मला डोक्यावर उचलले. बारा महिने कांडणाऱ्या बाईचा नेम तो. मी खाली आले. दाणा न फोडण्याबद्दल ज्याची ख्याती, त्या मुसळाने त्या हाताचे एकही हाड शाबूत ठेवले नाही.

थोड्याच वेळात दिंगकाकूने दार वाजवले. कांडणारी बाई कधी एकच घाव घालून थांबत नाही, हे तिला ठाऊक होते. ती आत आली, तिने बोगुईचा हात पाहिला आणि माझे कडे पाहिले. घरी जाऊन तिने पाला वाटून आणला आणि कामट्या लावून हात बांधला. तीन दिवस ती त्याला भरवायला येत होती. वहिनीने तिचे पाय धरले, तेव्हा ती एवढेच म्हणाली की शेजारधर्म आहे, त्यात काय एवढे.

आठव्या दिवशी अधिकारी आला आणि आमच्या अंगणासमोरच ओळ लागली. आमच्या वस्तीतून सात माणसे हवी होती. बोगुईचा हात पाहून तो हसला. या वर्षी या गावांत भाग्याचा पाऊसच पडलेला दिसतो, असे म्हणाला आणि त्याने बोगुईला ओळीतून बाहेर काढले. वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण मग वस्तीच्या कारभाऱ्याने मोजले, तर सहाच माणसे भरली.

मित्रांनो, इथे आमचा हिशेब चुकला होता. आम्हाला वाटले होते की बोगुई सुटला म्हणजे एक माणूस सुटला. पण वरून आकडा साताचा आला होता आणि सात म्हणजे सात. एक कमी भरला तर कारभाऱ्याची रवानगी सरहद्दीवर. कारभारी ओळीवरून पुन्हा फिरला आणि आतुंगपाशी थांबला.

"तो अठरा वर्षांचा आहे," दिंगकाकू म्हणाली. "वही बघा. त्याचं वय बसत नाही."

"वही काय बघायची, मिशी बघा की," अधिकारी म्हणाला. "बावीस लिही."

दिंगकाकूने मान वळवून लुआनवहिनीकडे एकदा पाहिले. वहिनी खाली पायांकडे पाहत राहिली. ती बोलली असती तर आतुंग सुटला असता का? मला नाही वाटत. पण ती बोलली नाही, आणि भिंतीला टेकून ठेवलेले मीही तिथेच होते.

जाणाऱ्याने वाटेचे धान्य स्वतः न्यायचे असे. दुसऱ्या दिवशी पहाट होताच दिंगकाकू राळे घेऊन आमच्या अंगणात आली. तिच्याकडे दुसरे मुसळ नव्हते. तिने माझे कडे पाण्याने धुतले, दोनदा धुतले आणि कांडायला लागली. ज्या टोकाने तिचा मुलगा ओळीत ओढला गेला, त्याच टोकाने ती त्याची शिदोरी कांडत होती. मला त्या उखळात तोंड लपवावेसे वाटत होते आणि दर घावाला ते लपतही होते. पण ती पुन्हा बाहेर काढायची. आत बोगुई भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला एकेक घाव ऐकू येत होता.

शेवटी लुआनवहिनी घराबाहेर आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने हात पुढे केला.

"दे, मी कांडते. तू थकलीस."

"नको," दिंगकाकू म्हणाली. "तुझा घाव फार जड पडतो."

यानंतर वहिनीने मला कधी हात लावला नाही. ती राळे न कांडताच शिजवायची आणि कोंड्यासकट गिळायची. स्वेईंचे सैन्य तीनदा गेले आणि तीनदा हात हलवत परतले. साऱ्या देशाचे मुसळ केरात गेले. आमच्या सातांपैकी दोघे आले. त्यांत आतुंग नव्हता. डोंगरात बंडे झाली, राजा दूर दक्षिणेत मारला गेला आणि सगळे मिळून अडतीस वर्षांत घराणे संपले. मी साधे बोरीचे लाकूड, पण मी त्याच्या जवळजवळ दीडपट जगले. आता थांगचे लिहिणारे स्वेईंना नावे ठेवतात आणि त्यांचीच कोठारे, त्यांचाच कालवा, त्यांच्याच वह्या वापरतात. उपकार घ्यायचे आणि नाव काढायचे नाही, ही जगाची जुनी खोड आहे.

लुआनवहिनी खंगून मेली. मरताना तिने मला दिंगकाकूच्या घरी द्यायला सांगितले. बोगुईने लग्न केले नाही. डाव्या हाताने शेत करायचे, सकाळी उठून आधी दिंगकाकूचे पाणी भरायचे आणि मग आपले. असे त्याने तीस वर्षे केले. ती त्याला जेवायला वाढायची. त्या दिवसाविषयी दोघे कधीच बोलले नाहीत.

गेल्या वर्षी थांगच्या अधिकाऱ्याने पुन्हा सगळ्यांना ओळीने उभे केले. पुन्हा ल्याओपलीकडची लढाई निघाली होती. या वेळी कायदा निराळा होता. ज्यांनी स्वतःचा हात मुद्दाम मोडून घेतला असेल त्यांना शिक्षा, आणि शिक्षेवर चाकरीही. नुसता मोडका आहे म्हणून आता कोणाची सुटका नव्हती, अपघात ठरला तरच होती. बोगुई एकावन्न वर्षांचा होता, म्हणजे अजून वयात बसत होता. हात कसा गेला, असे त्याला विचारले. त्याचा चेहरा मला दारातून दिसत होता. तो खरे सांगणार होता. तीस वर्षे वाट पाहत असल्यासारखे त्याने तोंड उघडले.

"माझ्यामुळे," दिंगकाकू म्हणाली. काठी टेकत ती पुढे आली. "पोरगं उखळातले राळे सारत होतं. मुसळ माझ्या हातात होतं. माझा नेम चुकला."

"म्हातारे, खोटं बोललीस तर तुलाही शिक्षा आहे."

"माझा मुलगा त्याच वर्षी याच्या जागी लढाईवर गेला, साहेब. ज्या घरापायी माझा मुलगा गेला, त्या घरासाठी मी कशाला खोटं बोलू?"

अधिकाऱ्याने अपघात असे लिहिले आणि तो पुढे सरकला. घरी आल्यावर बोगुई तिच्या पायांवर पडला आणि त्याने विचारले की काकू, तू मला का वाचवलेस.

"तू आता गेला असतास," ती म्हणाली, "तर माझा आतुंग कशासाठी गेला होता? ऊठ. पाणी संपलंय."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते की मला जपा, तेल लावा, फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. येत्या थंडीत मला खुशाल फोडा आणि दिंगआजीच्या चुलीत घाला. तिची खोली तापली तर माझ्या लाकडाचे सोने झाले असे मी समजेन. माझे मागणे निराळे आहे. आपल्या दारात संकट आले की ते ढकलायला हात आपोआप वर उठतात. तसे ते उठले की क्षणभर थांबा आणि ते पलीकडे कोणाच्या अंगणात पडेल ते पाहा. लुआनवहिनीला ते दिसले नाही, कारण मध्ये भिंत होती.

मला मात्र तशी सबब नाही. मुसळ डोक्यावर उचलले की ते भिंतीपेक्षा उंच जाते. त्या सकाळी वर गेल्यावर मला पलीकडचे अंगण दिसले होते. आतुंग चटईवर बोरे वाळत घालत होता आणि एक खात होता. मी त्याला पाहिले, आणि मग मी खाली आले.