मास्टरची कंबर

"उशी जरा खाली हवी," असं म्हणत काजेवालीने खुर्चीवरची उशी ओढली आणि मास्टरच्या कमरेमागे ठोसून बसवली. "आता टेक. टेक म्हणते ना!"

मास्टर टेकली. मांडीवरचा निळा डगला घसरला आणि हातातलं बटण गडगडत मशीनखाली गेलं. ते उचलायला ती वाकणार, तोच चारी बाजूंनी आवाज आले.

"अगं, वाकू नकोस!"

इस्त्रीवाले काका इस्त्री उभी करून धावत आले, जमिनीवर बसले आणि मशीनखाली हात घालून बटण चाचपू लागले. काकांचे गुडघे खरोखरच दुखायचे. बसताना ते एकदा कण्हले, उठताना दोनदा. मास्टरने दात आवळून सुईत दुसरं बटण ओवलं.

शिवणाच्या या कारखान्यात ती सोळा वर्षं कटिंग करत होती. मास्टर हे नाव तिला इथेच पडलं, आणि आता घरची माणसंसुद्धा कधीकधी त्याच नावाने हाक मारायची. खिडकीखालच्या लांब टेबलाशी उभं राहून ती पुठ्ठ्याचे साचे कापडावर मांडायची, खडूने आखायची आणि साठ-साठ थर एका दमात कापायची. मग मध्ये तीन महिने ती आलीच नाही. नवऱ्याने कारखान्यात फोन करून सांगितलं, कमरेत नस दबलीय.

खरं तर पहिले आठ दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरातले सगळे पडदे उसवून तिने पुन्हा शिवले होते, तेही दोनदा. त्यानंतर कित्येक आठवडे तिला पलंगावरून पाय खाली ठेवता आला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू त्या लागू पडल्या. नवऱ्याने ते दुखणं तेवढं कमरेत नेऊन ठेवलं.

"तुझ्याच भल्यासाठी," तो म्हणाला होता. "कंबर कुणाचीही दुखते. त्यात लाज कसली?"

कामावर परतून आता सहा महिने झाले होते. उठताना टेबलाची कड धरायची, बसताना 'आई गं' म्हणायचं, जिना एकेक पायरीने चढायचा. एखादं व्रत पाळावं तसं ते रोज पाळावं लागायचं, आणि व्रताने निदान मनाला शांतता तरी मिळते. एकदा घाईत तिने कमरेऐवजी मान धरली. काजेवालीने लगेच ओळखलं, "वर सरकलं वाटतं!" आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणली. घरात आता अशा चार बाटल्या होत्या, दोन पट्टे होते आणि कुणाच्या तरी मामेसासऱ्यांनी वापरलेली, पाठीखाली घ्यायची फळी होती.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण कटिंगचं टेबल गेलं होतं.

"ते उभ्याने करायचं काम," कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्या कमरेचं पाप माझ्या माथी नको. बसून बटणं लाव."

टेबलाशी आता बाईंचे धाकटे दीर उभे असायचे. बाई त्यांना भावजी म्हणायच्या, म्हणून सगळा कारखानाच त्यांना भावजी म्हणायचा. आधी ते काहीतरी दुसरं करत होते, ते चाललं नाही. कापड बेतायला ते दोन महिन्यांत शिकले होते, म्हणजे त्यांच्या मते शिकले होते.

"बाई, मला आता बरं आहे," मास्टर दर आठवड्याला सांगायची.

"मग डॉक्टरांची चिठ्ठी आण."

चिठ्ठी तिने आणली होती. पंधरा दिवस ती पिशवीच्या आतल्या कप्प्यात होती. 'सर्व प्रकारच्या कामास सक्षम' असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण कागदाच्या माथ्यावर डॉक्टरांचं नाव छापलेलं होतं आणि नावाखाली ते कशाचे डॉक्टर आहेत तेही, चांगल्या ठळक अक्षरांत. मास्टरने एकदा तेवढी पट्टी दुमडून पाहिली. मग चिठ्ठी जास्तच संशयास्पद दिसू लागली.

आत्ता भावजींनी टेबलावर निळ्या कापडाचे थर रचले होते. तीनशे डगले शुक्रवारी द्यायचे होते. मास्टर बटण लावता लावता तिकडे बघत होती. न बघणं तिला जमतच नव्हतं. प्रत्येक थराची सुलट बाजू वर होती. भावजींनी बाहीचा साचा ठेवला, आखला, पुढे सरकवला, आखला, पुन्हा पुढे सरकवला. साचा त्यांनी एकदाही पालथा केला नाही.

तिची सुई थांबली.

"भावजी, साचा उलटून आखलात का?"

"मास्टरबाई, तुम्ही आराम करा."

"उलटला नाहीत तर सगळ्या बाह्या डाव्या निघतील."

"टेका तुम्ही, टेका," भावजी खडू झटकत म्हणाले.

ती काजेवालीकडे वळली. "अगं, त्यांना सांग ना. उजवी बाही एकही नाहीये तिथे."

"असू दे गं. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस. मनाचा ताण थेट कमरेत उतरतो. माझ्या जावेचं असंच झालं होतं."

बाई दाराशी फोनवर कुणाला तरी शुक्रवारचा शब्द देत होत्या. भावजींनी कापायचं मशीन उचललं, थरांच्या कडेला टेकवलं आणि बटण दाबलं. पातं घरघरू लागलं.

मास्टर उठली. कड धरली नाही, 'आई गं' म्हणाली नाही. वाटेत कापडाचा गठ्ठा होता, तो तिने ओलांडला, टेबलावर पोट टेकवून पलीकडच्या भिंतीपर्यंत हात लांबवला आणि वायर उपटून काढली.

पातं थांबलं.

"कंबर!" काजेवाली किंचाळली. "अगं, तुझी कंबर!"

मग एकच कल्ला झाला. काकांनी तिचा दंड धरला. कुणी खुर्ची ओढत आणली, कुणी पाण्याचा तांब्या. बाई फोन तसाच हातात धरून आल्या.

"झोपवा तिला आधी. टेबलावर झोपवा."

"टेबलावर नको, थर हलतील," भावजी म्हणाले. "आणि तिला काही झालं तर मी हात लावलेला नाही, सगळ्यांनी पाहिलंय."

"बाह्या बघा," मास्टर म्हणाली.

"बघू, बघू. तू आधी बस."

"बाई, बाह्या..."

"श्वास घे. कळ कुठे येतेय, उजवीकडे का डावीकडे?"

"कुठेच नाही!" तिचा आवाज एवढा चढला की काकांनी दंड सोडला. "कमरेला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं!"

हातातली वायर तिने टेबलावर ठेवली, पिशवीतून चिठ्ठी काढली, उलगडली आणि बाईंसमोर धरली. बाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला. त्यांची नजर कागदाच्या माथ्यावर थांबली ती बराच वेळ खाली उतरेना.

"मनाचा आजार होता," मास्टर म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "होता म्हणजे, आहे. बायपोलर म्हणतात. कधी झोपच लागत नाही आणि अंगात नुसता वारा भरतो, कधी उठवतच नाही. ते तीन महिने मी त्यासाठी घरी होते. आता गोळ्या चालू आहेत, बरं आहे. फक्त तुमच्या उशांनी माझी पाठ घामेजते."

कुणी हसलं नाही. भावजींनी मशीन आपल्या बाजूला ओढून घेतलं. काजेवालीने दोरे कापायची छोटी कात्री हळूच उचलून पदराखाली मांडीवर ठेवली. मास्टरने ते पाहिलं. आपले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

बाईंनी चिठ्ठीची घडी केली. मग त्या टेबलाच्या टोकाशी गेल्या, बाहीचा साचा उचलला आणि एकेका आखणीवर ठेवत टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आल्या.

"भावजी, या सगळ्या डाव्या आहेत."

"मला वाटलं, खालच्या थरांत त्या उजव्या होतील."

"कशा होतील? आपोआप?"

भावजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाई मास्टरकडे वळल्या.

"म्हणजे सहा महिने तू इथे बटणं लावत बसलीस आणि मी यांना बेतायला शिकवत बसले?"

"चिठ्ठी दाखवली असती तर टेबल दिलं असतंत?"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"नसतं दिलं," त्या म्हणाल्या. "खरं सांगायचं तर आत्ताही भीती वाटतेय. हे परत येतं?"

"येऊ शकतं. यायच्या आधी झोप जाते. तेव्हा मीच तुम्हाला सांगेन."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"बाई, सहा महिने खोटं कण्हून माझी कंबर आता खरंच दुखायला लागलीय. पुन्हा नाही व्हायचं ते माझ्याच्याने."

काकांच्या तोंडून फुसकन हसू निसटलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

बाई हसल्या नाहीत. टेबलावर ठेवलेल्या मास्टरच्या हातांकडे त्या निरखून बघत होत्या.

"सकाळी दोरा ओवताना तुझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कळ येते म्हणून. ते गोळ्यांचं आहे का?"

मास्टरने मान वर केली. सहा महिन्यांत तिला रोज शंभर प्रश्न विचारले गेले होते. झोपायला गादी कशी आहे, तेल गरम करून लावतेस का, पाय जड होतात का.

"गोळ्यांचंच," ती म्हणाली. "सकाळची घेतली की थोडा वेळ थरथरतो. अकरापर्यंत थांबतो."

"रोज?"

"रोज."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा होत होते.

"मग आखणी सकाळी कर, कापायचं अकरानंतर," त्या म्हणाल्या. "भावजी, तो खडू पुसून काढा. आणि शुक्रवार म्हणजे शुक्रवार, मी शब्द दिलाय."

"एखाद्या दिवशी सव्वाअकरा होतील," मास्टर म्हणाली.

"होऊ देत." बाई फोन कानाला लावत दाराकडे निघाल्या होत्या. "पण तेवढ्यासाठी मला कमरेचं कारण सांगू नकोस."