गार पाण्याची वाट पाहणारी गाळणी

मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, मित्रांनो, तो गैरसमज आधी दूर करा. माझी जाळी वाटीसारखी खोल आहे, दांडा हातभर लांब आणि लाकडी आहे. एका जागी माझ्या तीन तारा तुटल्या होत्या, पण त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या तीन आठवड्यांचे, जेव्हा मला सगळे ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते.

माझी उमेदीची सारी वर्षे एका छोट्या जपानी खाणावळीत गेली. आठ टेबले आणि एकच आचारी. तो नूडल्स उकळायचा, माझ्यात उचलून घ्यायचा आणि लगेच मला नळाखाली धरायचा. हाताने चोळून चोळून त्या धुवायचा आणि मग थेट बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. उकळत्यातून गारेगार पाण्यात, दिवसातून शंभर वेळा! दुसरी कुणी असती तर कंटाळली असती, पण मला ती गार बुडी फार आवडायची. "ही हाताशी नसेल तर मी दुकान उघडणार नाही," असे आचारी म्हणायचा. एवढे कौतुक ऐकल्यावर कुणाचे डोके ठिकाणावर राहील? शेजारच्या झाऱ्याशी मी महिनाभर बोललेसुद्धा नव्हते.

एका दुपारी एक आजोबा आणि आजी आले. आजी फार रोडावल्या होत्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून त्या आल्या होत्या हे सांगायला नकोच. आचाऱ्याने त्यांना हियामुगी दिली. ही पांढरी, बारीक नूडल असते आणि तिच्या जुडीत एखाददुसरा गुलाबी धागा असतो. त्याने तो गुलाबी धागा नेमका आजींच्या बर्फाच्या वाडग्यात वर ठेवला. शेजारी छोट्या वाटीत सोया सॉसचे खारट-गोड पाणी. आजी एकेक घास त्यात बुडवून खात राहिल्या आणि वाडगा रिकामा झाला.

"किती महिन्यांनी गं!" आजोबांचे डोळे भरून आले.

"लेकीला सांगू नका हं. गार खाल्लं म्हणून कळलं तर घर डोक्यावर घेईल," आजी म्हणाल्या.

"मी कशाला सांगतोय? गरमागरम होतं म्हणू." आणि दोघे चोरून आंबे खाल्लेल्या पोरांसारखे हसले.

मीही हसले होते, मित्रांनो. त्या हसण्याची किंमत तेव्हा मला कळली नाही.

पुढच्याच महिन्यात खाणावळ बंद झाली. इमारत पाडायची होती. आचारी आपल्या माणसांकडे निघून गेला आणि आम्ही भांडी पायरीवर ढिगाने पडलो. झाऱ्याशी पुन्हा बोलावे असे मला तेव्हा वाटले, पण तो आधीच विकला गेला होता.

एके सकाळी एक बाई धापा टाकत आली. गळ्यात चष्मा, खांद्याला शाळेच्या वह्यांची पिशवी. तिने पहारेकऱ्याला विचारले, "इथले आचारी कुठे भेटतील?"

"गेले ते. पत्ता नाही, फोन नाही. भांडी हवीत तर बघा."

"माझ्या आईने इथे पोटभर खाल्लं होतं. त्यानंतर घरात घास उतरत नाही तिच्या घशाखाली. काय होतं ते, तेवढं तरी कळायला हवं हो!"

पहारेकऱ्याने मला उचलले. "ही कायम त्यांच्या हातात असायची बघा."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिने मला छातीशी धरले, आणि मी ओळखले की ही तीच लेक.

त्या घराच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खिळ्यावर मी राहू लागले. तिथूनच मला सगळे समजले. औषधाने आजींच्या तोंडाची चव गेली होती. डॉक्टरांनी बजावले होते, "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही. तीन सोमवार बघू." तीन सोमवार! आणि आजी दोन चमचे खाऊन तोंड फिरवत होत्या.

लेक शाळेतून येताना परदेशी सामानाच्या दुकानातून रोज एक नवे पाकीट आणायची. वरची अक्षरे तिला वाचता येत नव्हती, दुकानदारालाही धड येत नव्हती. आजोबांना विचारले तर ते म्हणायचे, "पांढरं होतं, लांब होतं." मग उरल्या आजी. त्यांनी चाळीस वर्षे शिलाईकाम केले होते. त्या नूडल उचलून चिमटीत फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या.

जाड उदोन आली. "ही नूडल आहे की परकराची नाडी?"

तपकिरी सोबा आली. "रंग चुकला."

कुरळी रामेन आली. "कुणाचं स्वेटर उसवलंस?"

केसासारखी सोमेन आली, तेव्हा मात्र त्या थबकल्या. "जवळ आलीस. पण हा शिलाईचा दोरा झाला. तो काजाचा होता, याहून जरा जाड. आणि त्यात एक गुलाबी धागा होता."

लेकीने आजोबांकडे बघितले. "गुलाबी? बाबा, औषधाने तिला भास होतायत का?"

नाही गं बाई, भास नाही! मी खिळ्यावर तडफडत होते. पण गाळणीचे कोण ऐकणार? जास्तीत जास्त मी खाली पडू शकत होते. एकदा पडलेही. माझ्या तीन तारा तुटल्या त्या तेव्हाच. लेकीने मला पुन्हा खिळ्यावर अडकवले आणि खिळा बदलायला हवा असे म्हणाली.

पहिल्या सोमवारी वजन उतरले. दुसऱ्या सोमवारीही उतरले.

तिसरा सोमवार चार दिवसांवर आला आणि लेक धावतच घरात शिरली. दुकानाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, धुळीत, तिला एक पाकीट सापडले होते. पांढऱ्या काड्यांच्या जुड्या, आणि प्रत्येकीत एक गुलाबी काडी. "आई, तुझा धागा! खरंच होता गं!"

आजींनी काडी चिमटीत धरली. "काजाचा दोरा," त्या म्हणाल्या, आणि लेक पातेल्याकडे पळाली.

नूडल्स उकळल्या. माझ्या तुटक्या जागेतून दोन-चार निसटल्या, बाकीच्या मी जीव तोडून धरल्या. आता नळ, मी म्हटले. आता गार पाणी! पण लेकीने मला थेट वाफाळत्या रश्शावर उपडे केले. आजाऱ्याला गरम द्यावे, एवढेच तिला ठाऊक होते आणि तिला सांगितलेही तसेच होते.

आजींनी वाडगा जवळ ओढला. वाफ नाकात गेली. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तोंडावर हात धरून उठल्या.

त्या न्हाणीघरात ओकत होत्या आणि इकडे लेक ओट्याखाली फरशीवर बसली. एरवी घर डोक्यावर घेणारी ती बाई पुटपुटली, "बाबा, तेच आणलं हो मी. तेच होतं ना? आता माझ्याकडे काहीच उरलं नाही. सोमवारी काय सांगू डॉक्टरांना?"

आजोबा दारात उभे होते. हातात पाण्याचा पेला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. बोला, आजोबा! तुम्हाला तोंड आहे!

"गरम नव्हतं ते," ते अखेर म्हणाले.

"काय?"

"बर्फात होतं. तू रागावशील म्हणून आम्ही खोटं बोललो. वाफ नव्हती, वास नव्हता, म्हणून उतरलं तिच्या घशाखाली. मला वाटलं, तीच नूडल मिळाली की बास. गार-गरमाने काय फरक पडतो?"

मला वाटले, आता लेक खरोखरच घर डोक्यावर घेणार. पण ती एवढेच म्हणाली, "इतकी भीती वाटते तुम्हाला माझी?" आणि डोळे पुसून उठली.

तिने पाणी उकळून गार केले आणि त्याचाच बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी नूडल्स पुन्हा उकळल्या. सोया सॉसमध्ये साखर आणि पाणी घालून आजोबांनी तीनदा चाखून बघितले. मग लेकीने मला त्याच उकळून गार केलेल्या पाण्याखाली धरले, नूडल्स चोळून धुतल्या आणि बर्फात बुडवल्या. मित्रांनो, ती बुडी मी जन्मभर विसरणार नाही.

आजींनी आधी गुलाबी धागा खाल्ला. मग बाकीच्या. थोड्या उरल्या, त्या संध्याकाळी मागून घेतल्या.

सोमवारी तिघे दवाखान्यात गेले आणि मी खिळ्यावर एकटी राहिले. ते परतले तेव्हा मी आधी पावले ऐकली. ती सावकाश होती, पण जड नव्हती. वजन वाढले नव्हते. फक्त उतरायचे थांबले होते. डॉक्टरांनी आणखी एक आठवडा दिला होता.

आजी खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "ती गाळणी आण बघू. आणि माझा सुयांचा डबा."

कित्येक महिन्यांत तो डबा उघडला नव्हता. त्यांनी बारीक तांब्याची तार घेतली आणि थरथरत्या हातांनी माझ्या तुटक्या जागेवर रफू करायला घेतले. लेक म्हणाली, "अगं, नवी आणते ना मी."

"नवीला काय माहीत, मला काय आवडतं ते?"

मित्रांनो, जुनी भांडी टाकण्याआधी एकदा नीट बघा, त्यांच्यात अजून काम उरलेले असते. आणि तुमच्या घरातले एखादे माणूस जेवत नसेल, तर त्याला इतक्या मायेने विचारा की त्याला खरे सांगायची भीती वाटू नये. मला तोंड नव्हते. पण त्या घरात ज्यांना होते, तेही तीन आठवडे गप्प राहिले.

माझे रफू काही सरळ झालेले नाही. हात थरथरत होते ना त्यांचे. पण उद्या दुपारी पुन्हा हियामुगी आहे, आणि आता माझ्यातून एकही धागा निसटणार नाही.