संध्याकाळी सहापर्यंतचे आकडे

पहिला दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि फिल्टरकाकांच्या कपाळावर बसला. फिल्टर धुता धुता म्हातारे झालेले काका, निवृत्तीला चार महिने उरलेले, आयुष्यात मुंगीलाही न दुखावलेला माणूस. ते मटकन खाली बसले आणि डोळ्यात उतरणारं रक्त पुसत म्हणाले, "सोड रे बाबा पाणी. जीव घेतील आपला."

"घेऊ देत," मी म्हणालो. "सोडणार नाही."

एकोणीस वर्षं मी या जलशुद्धीकरण केंद्रावर तंत्रज्ञ आहे. लोक मला पाणीवाला म्हणतात, आणि नळ कोरडा राहिला की आणखीही बरंच काही म्हणतात. आदल्या दिवशी वीज नव्हती, खालच्या वस्तीला थेंब मिळाला नव्हता. आज टाकी भरली. पाणी सोडण्याआधी मी काचेच्या नळीत थोडं घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. झालं नाही. पुन्हा टाकले, तरी ढिम्म. क्लोरीन सोडणारं यंत्र अडकलं होतं आणि त्याचा सुटा भाग तीन वाजता येणार होता. मी वस्तीकडचा व्हॉल्व्ह बंदच ठेवला, त्याची चावी, म्हणजे छातीएवढा लोखंडी दांडा, स्वतःजवळ ठेवली आणि फाटकावर सूचना चिकटवली. तहानलेला माणूस सूचना वाचत बसत नाही, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

चाळीसेक जण फाटक उखडून आत घुसले. सगळ्यात पुढे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान. वेल्डर माणूस, मनगटं जाडजूड.

"चावी दे," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, पाण्यात क्लोरीन नाही. तीन वाजता सोडतो."

"काल वीज नाही, आज क्लोरीन नाही, उद्या म्हणेल पाण्यात पाणी नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. एरवी मीही हसलो असतो.

एकानं माझी कॉलर धरली. माझं डोकं आधीच भडकू. मी दांड्याचं टोक त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्के, कुणाच्या तरी हातातली बादली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. भाऊजींच्या एका ठोशात माझे दोन्ही फुटले. मी पोटाखाली दांडा घेऊन पालथा पडलो आणि पाठीवर मार झेलत राहिलो. एक बरगडी गेलेली मला नीट कळली.

"नाही सोडणार!" मी रक्त थुंकत ओरडलो. "एक छकुली गेली तेवढं पुरे नाही झालं का?"

भाऊजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. छकुली त्यांची लेक, सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी वस्तीत जुलाबाची साथ आली, तीत गेली. चौकशीत केंद्राचं पाणी शुद्ध ठरलं आणि दोष घरोघरच्या अस्वच्छ भांड्यांवर आला. तेव्हापासून माझी ताई पाण्याचं पिंप दिवसातून तीनदा घासते. तिच्या बोटांची सालं निघाली आहेत.

"तिला मध्ये आणू नकोस," भाऊजी म्हणाले. "तुमचं पाणी तर शुद्ध होतं ना?"

"थापा मारतोय हा!" मोडक्या नाकाचा माणूस टेबलावरचं रजिस्टर फडकवत पुढे आला. "हे बघा, याच्याच हातचं. क्लोरीन आठला बरोबर, नऊला बरोबर, दहाला बरोबर!"

भाऊजींनी रजिस्टर हिसकावून घेतलं. त्यांचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता साडेदहा वाजलेत," ते म्हणाले. "संध्याकाळी सहाचा आकडा कसा लिहिलास?"

माझं पितळ उघडं पडलं ते असं. आमच्याकडे सकाळी आल्या आल्या दिवसभराचे आकडे भरून टाकायची पद्धत आहे. मला काकांनी शिकवली, काकांना त्यांच्या आधीच्यानं. छकुली गेल्यापासून मी दर तासाला पाणी खरोखर तपासतो, पण सकाळी हात आपोआप रजिस्टरकडे जातो. आजही गेला होता.

"रोज असंच लिहिता?"

"रोज."

"त्या दिवशीसुद्धा?"

काका कोपऱ्यातून मान हलवत होते, नको सांगू म्हणून. पण दोन वर्षं ते पोटात ठेवून मला जेवण गोड लागलं नव्हतं.

"त्या दिवशीसुद्धा," मी म्हणालो. "यंत्र सकाळपासून बंद होतं. मला संध्याकाळी कळलं. चौकशीला मी रजिस्टर दिलं."

भाऊजी ओरडले नाहीत. त्यांनी वाकून माझ्या पोटाखालचा दांडा ओढून घेतला. तो घ्यायला एक जण पुढे झाला, त्याला त्यांनी कानफटात मारून लोळवलं. "तीनपर्यंत व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात टेबलावर ठेव. लिहितोस तो."

मला कुणी धरलं नव्हतं. मी स्वतः उठलो आणि उजवा हात टेबलावर ठेवला. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या दोन घावांना जमलं.

दुपारी ताई दवाखान्यात आली. माझा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिनं सालं निघालेल्या बोटांनी ग्लास माझ्या सुजलेल्या ओठांना लावला. "उकळून आणलंय. पिंपही घासलं होतं," ती म्हणाली. "कुठल्या मेल्यानं मारलं रे तुला? हात झडोत त्याचे!"

भाऊजी दारात उभे होते. "सांग तिला," ते म्हणाले.

मी सांगितलं. ताई ग्लास धरून ऐकत राहिली.

"म्हणजे माझं पिंप स्वच्छ होतं?" तिनं विचारलं.

"हो, ताई."

"तेव्हाही? त्या दिवशी?"

"हो."

तिनं आणखी एकदा तेच विचारलं आणि मी आणखी एकदा हो म्हणालो. मग तिनं ग्लासातलं उरलेलं पाणी फरशीवर ओतलं आणि भाऊजींना म्हणाली, "चला घरी." माझ्याकडे तिनं आजतागायत वळून पाहिलेलं नाही.