आप्पांचं पॉलिश

जावयाने गाडीतून लांबलचक खोकं बाहेर काढलं तेव्हा आप्पांना वाटलं, पडद्याची दांडी असणार. पडद्यांवरून त्यांच्या बायकोने बरेच दिवस डोकं खाल्लं होतं. जावई माणूस कामाचा निघाला म्हणून ते हात द्यायला दोन पावलं पुढेही झाले. खोक्यातून निघाली एक काळी, मधे किंचित फुगीर फळी.

"हे काय?"

"स्पॉयलर. गाडीच्या डिकीवर बसवायचा. आमच्या बिल्डिंगखाली धड उभं राहायला जागा नाही, म्हटलं तुमच्या शेडमध्ये निवांत करावं."

"आणि त्याने काय होतं?"

जावयाने जरा विचार केला. "छान दिसतं."

उत्तर प्रामाणिक होतं, पण आप्पांना काही ते पचेना. त्यांनी उभा जन्म शहराची बस चालवण्यात घालवला होता, आणि बसला नुसतं छान दिसण्यासाठी कुणी काही लावल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"बोल्ट कुठायत याचे?"

"बोल्ट नाहीत. भोकं पाडली की पत्र्याला गंज धरतो. ॲडहेसिव्हने चिकटवायचा."

"म्हणजे डिंकाने!" आप्पा म्हणाले, आणि घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसले. "अहो, पाकिटं चिकटवतात डिंकाने. शेपटं नाही."

जावई दातांच्या दवाखान्यांना कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवून देई. दिवसभर त्याचं तेच काम. "जागा स्वच्छ आणि कोरडी असली की झालं," तो म्हणाला. "मी बनवलेल्या दातांनी लोक बिनधास्त चावतात." आप्पांनी आपल्या अजून शाबूत असलेल्या दातांवरून जीभ फिरवली आणि विषय सोडून दिला. तसाही दोघांमध्ये विषय फार वेळ टिकत नसे. लग्नाला वर्ष होत आलं, तरी जावई आला की "या" आणि निघाला की "बरं, या", एवढ्यावरच सासऱ्याचं भागत होतं.

लेक आठवड्याच्या सुरुवातीलाच आपली स्कूटर घेऊन माहेरी आली होती. उद्या दुपारी दोघं परत निघणार होती: जावई पुढे गाडीत, लेक मागे स्कूटरवर, हायवेने. तिला असंच आवडे. नवरा पुढे असला की रस्ता शोधायची कटकट नाही, त्याच्या डिकीवर नजर ठेवली की घर येतं.

जावयाने काम मात्र नेटकं केलं. आधी स्पॉयलर नुसताच ठेवून पाहिला, लांब जाऊन पाहिला, एका डोळ्याने पाहिला. मग भोवती कागदी टेप लावून जागा आखून घेतली आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पट्टी घासघासून पुसली. तेवढ्यात आतून जेवायची हाक आली.

"तुम्ही व्हा पुढे, मी आलोच हात धुऊन," आप्पा म्हणाले.

आप्पांना एक खोड होती. डेपोत असताना पुढच्या पाळीच्या माणसाच्या ताब्यात गाडी द्यायची ती चकचकीत पुसूनच, हा त्यांचा स्वतःचा नियम. वरिष्ठांनी कधी सांगितलं नव्हतं, सहकाऱ्यांनी कधी पाळलं नव्हतं. आणि इथे त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी डिकी झळकत होती, फक्त टेपच्या मधली पट्टी कोरडीठाक, निस्तेज. जसं काही कुणी गाडी अर्धवट टाकून जेवायला गेलंय. त्यांचे हात शिवशिवले. कपाटातला मेणाच्या पॉलिशचा डबा निघाला, मऊ फडकं निघालं, आणि दोन मिनिटांत पट्टीत आप्पांना आपला चेहरा दिसू लागला. डबा जागच्या जागी ठेवून ते जेवायला गेले. या कानाचं त्या कानाला कळलं नाही.

जेवून आल्यावर जावई डिकीवर वाकला. "वा! काय निघालंय स्पिरिटने!" आप्पा मिशीत हसले. चांगलं काम करावं, बोलून दाखवू नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच पाळलं. जावयाने नळीतून गोंदाची रेघ ओढली, स्पॉयलर बसवला, तळहातांनी दाबून धरला आणि वरून टेपच्या पट्ट्या ताणून लावल्या.

"उद्या निघेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," त्याने बजावलं.

"डिंक वाळू द्या बाबा," आप्पा म्हणाले. सबंध दुपार त्यांनी त्या डिंकावरून जावयाची खेचली. चहाच्या वेळीसुद्धा त्यांचं चालूच होतं.

तेव्हा लेकीने नवऱ्याला विचारलं, "ए, पण निघणार नाही ना रे तो? मी मागे असते."

"जागा स्वच्छ असेल तर नाही निघत. फक्त खाली तेल नको, मेण नको, पॉलिश नको. नाहीतर धरल्यासारखा वाटतो, पण हायवेचा वारा लागला की उडून मागच्याच्या तोंडावर."

आप्पांचा कप ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण दुपारभर डिंक डिंक करून पोराला हैराण केलं, आता पॉलिशचं सांगितलं तर त्याला काय वाटणार? म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. आपलंच खरं करायला माझ्या कामाची माती केली. आप्पांनी उघडलेल्या तोंडात बिस्कीट टाकलं.

मग त्यांनी आडवळणं घेऊन पाहिली. "अजून दोन दिवस राहा की." लेक म्हणाली, कामावर जायचंय. "मग तू गाडीतून जा, स्कूटर मी मागाहून पाठवतो." लेकीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंधार पडायच्या आधी त्यांनी शेडमध्ये जाऊन बोटाने स्पॉयलर हळूच ढकलला. जागचा हलला नाही. पण "धरल्यासारखा वाटतो" हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. ती रात्र त्यांनी कूस बदलत आणि त्याबद्दल बायकोची बोलणी खात काढली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. जावयाने एकेक टेप सोलून काढली आणि स्पॉयलरवर टिचकी मारली. "बघा आप्पा, तुमचा डिंक!" त्याचा चेहरा असा फुलला होता की आप्पांना तिकडे बघवेना. लेकीने बॅग स्कूटरला बांधली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गाडीच्या मागे, अगदी त्या काळ्या फळीच्या रेषेत, स्कूटर आणून लावली.

आप्पा गाडी आणि स्कूटरच्या मधे जाऊन उभे राहिले.

"थांबा. कुणी कुठे जाणार नाही." आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी पॉलिश केलंय. त्याच्या खाली. काल, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

"अहो!" बायको दारातून म्हणाली.

जावई डिकीपाशी गेला. स्पॉयलरच्या कडेखाली त्याने बोटं घातली आणि ओढलं. काही झालं नाही. त्याने पाय रोवले आणि पुन्हा ओढलं. टक्क असा आवाज झाला आणि अख्खी फळी त्याच्या हातात आली. गोंद सगळा फळीलाच. डिकीवर त्याचा मागमूस नव्हता, नुसती चकाकी.

लेकीने फळीकडे पाहिलं, मग आपल्या स्कूटरकडे. हेल्मेट काढून ती पायरीवर बसली.

"मुद्दाम नाही केलं," आप्पा म्हणाले. "ती पट्टी तशी उघडी बघवेना. मला सवयच आहे तशी. पण इतकी थट्टा केली होती तुमची, तुम्हाला वाटेल की..."

"मला काय वाटत होतं सांगू?" जावई म्हणाला. फळी अजून त्याच्या हातातच होती. "तुम्हाला ही गाडी डोळ्यांसमोर नको असते. आणि गाडीवालाही. आणि तुम्ही तिला पॉलिश करत होतात?"

"मन लावून," आप्पा म्हणाले.

आधी लेक हसली. मग जावई असा काही हसायला लागला की फळी त्याला खाली ठेवावी लागली. आप्पांचा जीव भांड्यात पडला. कालपासून पहिल्यांदाच त्यांना पुरता श्वास घेता आला.

निघणं रद्द झालं. जावयाने कामावर फोन करून कळवलं की अमुक बाईंचे दात एक दिवस उशिरा होतील, तोवर त्यांना मऊ खायला सांगा. मग त्याने ब्लेडने फळीवरचा जुना गोंद खरवडला, आणि स्पिरिटचं फडकं आप्पांच्या हातात दिलं. "केलंत तुम्ही, काढा तुम्हीच." आप्पांनी फडक्यावर फडकं बदललं, बोट फिरवलं की कर्र वाजेपर्यंत पुसलं. पट्टी पुन्हा कोरडीठाक, निस्तेज झाली. ते लांब जाऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, आणि चहाची हाक आली तेव्हा सगळ्यांच्या पुढे आत गेले.

चहानंतर जावयाने फळी पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी टेप काढल्यावर जावई बाजूला झाला. "आप्पा, मी नाही. तुम्ही ओढा."

"तुटला म्हणजे?"

"ओढा तर."

आप्पांनी दोन्ही हातांनी फळी धरली. आधी जपून ओढली, मग दात खाऊन, बसचं जड स्टेअरिंग फिरवलेल्या दंडांनी. त्यांचा खांदा कटकन वाजला. चाकांवरची गाडी पुढेमागे हलली, आरसे थरथरले. फळी मात्र ढिम्म.

"अहो, गाडी घरात घेताय की काय?" बायको ओरडली.

आप्पांनी हात सोडले. त्यांना हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, आणि दोन्ही लपवायची त्यांना गरज वाटली नाही. ते स्कूटरपाशी गेले, लेकीच्या हनुवटीखालचा पट्टा एक घर आवळला.

"जा," ते म्हणाले. "खुशाल त्याच्या मागून जा."