सरळ केलेली थाप

आमच्या विहीणबाई चहाला म्हणून येतात आणि माझ्या मुलाच्या खोलीत ठाण मांडून बसतात. वर तो त्यांना 'आई' म्हणतो. घरात सख्खी आई धडधाकट असताना!

मुलगा कॉम्प्युटरवर गाणी बांधतो. ड्रम काय, कीबोर्ड काय, सगळं माउसने टिंबं मांडून. या गाण्याला गिऱ्हाइकाने दोनदा नाक मुरडलं होतं. "माणूस वाजवतोय असं वाटत नाही, शिवणयंत्र वाटतं." संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

तर याने बोलावलं कुणाला? विहीणबाईंना. का, तर त्या शाळेत पियानो शिकल्या. मी शाळा दुसरीतच सोडली, पण याच्या बाबांच्या ऑर्केस्ट्रात अठरा वर्षं ड्रम वाजवला. मला कुणी विचारलं नाही.

मी चहा घेऊन दारात उभी राहिले. विहीणबाईंनी कीबोर्डवर अख्खं गाणं वाजवलं. खोटं कशाला बोलू, सुरेख वाजवलं. डावा हात उजव्याच्या किंचित मागून यायचा, दार लोटून आत यावं की नको असा. माझा जळफळाट झाला.

मग मुलाने तेच कॉम्प्युटरमधून ऐकवलं. पुन्हा शिवणयंत्र! जरा गार वाटलं मला.

"माझीच बोटं गंजलीत, जावईबापू."

"वयानं होतं तसं," मी म्हटलं. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान.

मुलगा वैतागला. "मग तू ये, आई. कप ठेव आणि ड्रम वाजव."

त्याच्याकडे बोटांनी ठोकायचे रबरी चौकोन आहेत. मी ठोकलं. दुसरी थाप रेंगाळत, मधल्या नुसत्या कुजबुजत. सून हातातलं काम टाकून धावत आली. विहीणबाईंची मान डोलायला लागली. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

मुलाने ऐकवलं. ठक, ठक, ठक, ठक. शाळेतली कवायत.

"हे माझं नाही. माझी दुसरी थाप उशिरा पडते. तुझे बाबा त्यावरून जन्मभर भांडले."

"उशिरा पडलेलं हा कॉम्प्युटर आपोआप जागेवर नेतो," तो म्हणाला. "मीच तसं लावून ठेवलंय, चुका निघाव्यात म्हणून..." आणि त्याची जीभ दातांखाली गेली.

त्याने माझ्या थापा मोकळ्या सोडल्या. खोलीत जीव आला.

"आई, तूच! कीबोर्ड मी माउसनेच करतो. त्या आई फारच शिस्तीत वाजवतात."

विहीणबाई पर्स शोधायला लागल्या. बोलले नसते तर ते गाणं माझं एकटीचं होतं. मी कपातला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. पण माझ्या ठेक्यावर ती माउसची टिंबं खडे टोचावेत तशी टोचत होती.

"अरे शहाण्या, त्यांचाही डावा हात मागून येत होता. तोही सोड की."

त्याने सोडला. दोघी मिळून अशा वाजलो की सून रडायलाच लागली.

गिऱ्हाइकाचं उत्तर तासाभरात आलं. काम पक्कं. खाली एकच प्रश्न, कीबोर्ड कुणी वाजवला? मुलगा "आई!" करत विहीणबाईंकडे धावला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"विहीणबाई, हात तुमचा गोड आहे, नाही म्हणणार नाही. पण तो गोड लागला माझ्या ठेक्यावर, आणि हे तुमच्या जावयाला तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आत्ता. मी ऐकतेय."