कुंकवाचा ग्रह

मित्रांनो, मी आटपाडीतल्या एका गच्चीवरची जुनी दुर्बीण आहे. माझा आरसा कराडच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी हाताने घासून घडवला. पुढे त्यांच्यातलीच शिवांजली लग्न होऊन आटपाडीला आली, शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि येताना मलाही घेऊन आली. इथे पाऊस कमी, म्हणून आभाळ मोकळं. माझी तर चंगळच झाली.

आमचं काम जवळपासच्या लाल बटू ताऱ्यांवर नजर ठेवण्याचं. हे तारे लहान आणि कमी तापलेले, त्यामुळे त्यांना अगदी खेटून फिरणाऱ्या ग्रहावरही पाणी टिकू शकतं. तो ग्रह काही दिसत नाही. ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, तेवढीच त्याची खूण.

गेल्या दसऱ्यानंतर एका ताऱ्याचा उजेड घटला. पुन्हा घटला. शिवांजलीने घरात सांगितलं, तशा सासूबाई, बनुबाई, चटकन म्हणाल्या, "पाणी असंल व्हय गं तितं? टँकरबिगर?"

"असंल की, आत्या."

झालं! बनुबाईंनी गल्लीत सांगितलं आणि शेजारच्या नानासोंनी चौकात फ्लेक्सचा फलक लावला: 'आटपाडीच्या सूनबाईंनी शोधला पाण्याचा ग्रह!' त्यावर सर्वांत मोठा फोटो नानासोंचाच. मला हार घातला. अजून खात्री व्हायची होती, पण थांबा म्हणायला शिवांजलीची जीभ रेटेना. आणि मी? मी हार मिरवत बसले.

मग शिवांजलीने ज्यांना नोंदी पाठवल्या होत्या, त्या पुण्याच्या एका अभ्यासकांचा फोन आला, "कोऱ्या आभाळाचे फोटो पाठवा." रोज संध्याकाळी असा फोटो काढायचा असतो; त्यात काचेवरची घाण उघडी पडते. सणाच्या गडबडीपासून शिवांजलीने ते सोडून जुनेच फोटो वापरले होते. तिने नवा काढला. त्यात एक गोल डाग. सकाळी माझ्यावर बसवलेला कॅमेरा उघडला, तर आतल्या काचेवर कुंकवाचा कण!

खंडेनवमीला घरातल्या विळ्याकोयत्यांची पूजा होते. बनुबाईंनी मायेने मलाही हळदकुंकू वाहिलं होतं आणि कॅमेरा तेव्हा उघडा होता. ताऱ्याचा उजेड सरकत सरकत त्या कणावर आला की घटायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिवांजलीने मला चौकात नेलं आणि लोकांना बोलावलं. "ग्रह न्हाई," ती म्हणाली. "मी तपासलं न्हाई. चूक माझी हाय."

"आवं, पण तपासायचं काय ऱ्हायलं?" नानासोंनी विचारलं.

कुंकवाचं नाव काही तिने घेतलं नाही. तेवढ्यात मागून बनुबाई पुढे आल्या.

"तिला काय इचारता? कुकू मी सांडलं."

दोनचार जण फिदीफिदी हसले. दोघी खाली मान घालून घरी आल्या, आणि त्यांच्यामध्ये मी.

यंदाच्या खंडेनवमीला बनुबाई गच्चीच्या दारातच थांबल्या. तिथूनच हात जोडून वळल्या. शिवांजलीने माझी सगळी झाकणं लावली, सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि त्यांचं बोट माझ्या तिवईच्या पायाला टेकवलं. "हितं लावा, आत्या."

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर माया जरूर करा, पण आम्हांला पुसून, तपासूनही घ्या. आणि हार घालायची घाई करू नका. चौकातला तो फलक शिवांजलीने स्वतः उतरवला. हल्ली धूळ बसू नये म्हणून मला त्यानेच झाकतात. अक्षरं आतल्या बाजूला आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती दिसत नाहीत. मी मात्र दिवसभर वाचत असते.