फाटकावरची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीतली बाई वारली की मला बोलावतात. शिवणकाम हा माझा धंदा, आणि मयत बाईला शेवटची आंघोळ घालणं, तिच्या मापाचा झगा शिवून अंगात घालणं ही सासूकडून माझ्याकडे आलेली सेवा. एरवी दोघी-तिघी हाताखाली येतात. एक पाणी ओतते, एक केस विंचरते, आणि डोळे पुसता पुसता गेलेलीच्या चांगल्या-वाईटाची उजळणीही होते. त्या दिवशी एकही आली नाही. एकीची कंबर धरली होती, दुसरीकडे अचानक पाहुणे उगवले होते, आणि तिसरीने घरात असून दार उघडलं नाही.

कारण गेली होती ती वचनबाईंची सून.

वचनबाई म्हणजे आमच्या मंडळीचा खांब. चाळीस वर्षं त्यांनी रविवारची शाळा चालवली. आज मंडळीत जेवढी म्हणून पिकलेली डोकी आहेत, त्या सगळ्यांकडून बायबलची वचनं त्यांनीच घोकून घेतली. चुकलं की बोटाने टेबल वाजवायच्या, बरोबर आलं की हसायच्या. हसल्या की पुढचे दोन दात दिसायचे, एकमेकांवर चढलेले. मी फार ढ होते. वचन आठवेना झालं की त्या दातांकडे बघत उभी राहायचे. तर अशा बाईला सुनेने खुर्चीला बांधून ठेवलं होतं, आणि ही बातमी मंडळीला दिली ती मी.

त्याला नऊ वर्षं झाली. शिवलेले पडदे द्यायला त्यांच्याकडे गेले होते. दार वाजवून कोणी येईना, म्हणून बाजूने जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावले. वचनबाई खुर्चीत, कमरेला आणि दोन्ही मनगटांना फाडलेल्या चादरीच्या पट्ट्या. सून माझ्याकडे पाठ करून नळाखाली निवांत हात धूत होती. मी पडदे पायरीवर टाकले आणि तडक चर्चच्या पाळकसाहेबांचं घर गाठलं. सून मला आधीपासूनच खुपायची, हेही सांगून टाकते. रणरणत्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं. माप घ्यायला टेप लावला की अंग चोरायची, 'कपड्यावरूनच घ्या ना, ताई.' मी चारचौघींत म्हणायचे, बाई नाकाने कांदे सोलते.

पंचकमिटीने तिला बोलावलं. मी साक्षीदार, मला खुर्ची, ती उभी. विचारलं, "बांधलंस का?" म्हणाली, "हो." "पश्चात्ताप होतो का?" "नाही. वेळ आली तर पुन्हा बांधीन." पाच मिनिटांत ठराव झाला. पश्चात्ताप करीपर्यंत तिला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, बंद. पुढे तीन वर्षांनी वचनबाई वारल्या, पण ठराव तसाच राहिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं तबक तिच्या बाकापाशी यायचं आणि तिला ओलांडून शेजारणीपुढे जायचं. ती मान खाली घालून बसायची. मी मुद्दाम वळून बघायचे, रडते का म्हणून. कधी रडली नाही. निगरगट्ट आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे.

आमच्या मंडळीचा जुना नियम असा की जो प्रभुभोजनातून बाहेर, त्याची पेटी चर्चमध्ये येत नाही. फाटकावर प्रार्थना करायची आणि तिथूनच कब्रस्तानात न्यायची.

तर मी एकटीच गेले. सेवा ती सेवा, असं तोंडाने म्हणत गेले. खरं कारण, माझं मन किती मोठं आहे ते मला लोकांना दाखवायचं होतं.

सकाळी भांडी घासता घासता ती कोसळली होती. नवरा घड्याळजी, बाजारात एक माणूस जेमतेम बसेल एवढं त्याचं दुकान. तो पेटीच्या आणि खड्ड्याच्या व्यवस्थेला गेला होता. मी मागच्या खोलीचं दार लावलं, बादलीत कोमट पाणी काढलं आणि तिच्या अंगावरच्या कपड्यांची बटणं सोडली.

आधी वाटलं, कातडीचा रोग आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांवर चंद्रकोरी होत्या, एकीत एक, एकीवर एक. बहुतेक पांढऱ्या पडलेल्या. काही खोल, मांस निघून पुन्हा भरून आलेल्या. गळ्याखाली तशाच. डाव्या कानामागे दोन बोटं जागा साफ टक्कल, केस मुळापासून उपटलेले. आता माझा धंदा टाक्यांचा. कुठला टाका कोणत्या हाताचा, ते मी लांबून ओळखते. त्या प्रत्येक कोरीत मधोमध एक खाच होती, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले असले की पडेल तशी. ते दात मी लहानपणी तासन्‌तास पाहिले होते.

मी फरशीवर बसकण मारली. त्या दिवशी नळाखाली ती रक्त धूत होती. मी तिची पाठ पाहिली आणि निघाले. हाक मारली असती तर ती वळली असती. एवढंच करायचं होतं. म्हातारीचं डोकं फिरलं होतं, आणि सुनेने ते बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. आणि कमिटीतले सात जण अधिक मी, आठांपैकी एकाच्याही तोंडून 'का बांधलंस' हा प्रश्न निघाला नव्हता. मला माझी इतकी किळस आली की पाण्यात हात घालवेना.

रडले, मग उठले. तिला आंघोळ घातली, एकेक वण हलक्या हाताने पुसला, झगा घातला. बाह्या मनगटापर्यंतच शिवल्या होत्या, तिचं माप मला पाठ होतं.

दुपारी पाळकसाहेबांकडे गेले. तिथे कमिटीचे सेक्रेटरी छापखानेवाले काका आधीच बसलेले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाले, "पेटी आत घ्या."

छापखानेवाल्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे वचनबाई चावायच्या, असं तुमचं म्हणणं?"

"आजारी होत्या हो त्या. भान नव्हतं. मी त्यांना दोष देत नाहीये."

"मग दोष कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

"असं कसं? ठराव झालाय ना? मग कोणाचा तरी दोष असणारच! आणि त्या आजारी होत्या तर रविवारी येऊन गाणी कशा म्हणायच्या?"

"सून हात धरून बसायची शेजारी. आपल्याला वाटायचं, चारचौघांतही जाच करते."

"हे बघा बाई, तुमची नजर अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही इतकं स्वच्छ सांगितलंत की लिहून घेताना मला एक शब्द खोडावा लागला नाही. आता म्हणता ते सगळं चूक?"

"पाहिलं ते खरं होतं, काका. त्यावरून ठरवलं ते चूक."

"ठीक आहे. पुढच्या महिन्यात कमिटी बसेल तेव्हा विषय घेऊ."

"आणि पेटी कुठे ठेवू तोवर? तुमच्या छापखान्यात?"

पाळकसाहेबांनी हात वर केला. मवाळ माणूस, कोणाला दुखवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. "ताई, ती आता देवासमोर उभी आहे. न्याय त्याच्यावर सोडू या. आपण कोण?"

माझं मस्तक फिरलं. "तेव्हा का नाही सोडला? न्याय करायचा असला की कमिटी, आणि निस्तरायची वेळ आली की देव!"

पाळकसाहेब खिडकीकडे बघत होते. "पश्चात्ताप होतो का, हे मीच विचारलं होतं तिला," ते हळूच म्हणाले. "बरं, एक करतो. तिच्या नवऱ्याने फाटकावर सगळ्यांसमोर सांगू दे की हे असंच होतं. मग मी माझ्या जबाबदारीवर फाटक उघडतो. कमिटीने माझं काय करायचं ते करावं."

मला वाटलं, जिंकलं. एका छपराखाली राहून नवऱ्याला हे माहीत नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्याला आधी गाठायला हवं होतं, पण मी घरी पोचायच्या आत तो तिला पेटीत घालून निघाला आणि चार वाजता थेट फाटकावरच आला.

आंघोळ घालायला एक जण मिळेना, फाटकावर मात्र चाळीस-पन्नास माणसं जमली होती. पाळकसाहेब आत, कडीवर हात ठेवून. मी पेटीशेजारी उभी राहिले आणि पाहिलं ते मोठ्याने सांगितलं. वण कुठे, किती, कसे. दातांचंही सांगितलं. एक-दोघांनी तोंडावर हात ठेवला. पाळकसाहेबांनी घड्याळजीला विचारलं, "खरं आहे का रे हे?"

त्याने मान खाली घातली. बोटांना बोटं घासत राहिला. मग म्हणाला, "आई तशी नव्हती."

"तुझ्या बायकोच्या अंगावर वण आहेत की नाहीत?"

"आई तशी नव्हती," तो पुन्हा म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, पेटी उघडा, बघून घेऊ. घड्याळजी झाकणावर दोन्ही हात पसरून आडवा झाला. जिने जन्मात मनगट उघडं टाकलं नाही, तिला रस्त्यावर उघडी करायची? मी म्हणाले, "हात लावाल तर याद राखा."

मग ती सकाळी दार न उघडलेली बाई पुढे झाली. "तुम्ही पाहिलंय म्हणता. म्हणजे हा धडधडीत खोटं बोलतोय, असंच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाक्य माझ्या ओठावर तयार होतं: आईच्या नावापायी बायकोला दोनदा पुरणारा भेकड आहे हा. मी तेवढं म्हणायचा अवकाश, लोकांनी त्याला तिथेच सोलून काढलं असतं आणि फाटक उघडलं असतं. चेहरे मी ओळखत होते. नऊ वर्षांपूर्वी कमिटीच्या खोलीत मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा समोर हेच चेहरे होते, असेच पुढे झुकलेले. आणि तोंडात तीच चव आली, आपलंच खरं आहे याची. मला त्याची खाली घातलेली मान दिसत होती. तेव्हा तिची पाठ दिसली होती.

"वण मी पाहिले, ते सांगितलं," मी म्हणाले. "याच्या मनातलं मी पाहिलेलं नाही. ते देव जाणे."

"ऐकलंत ना?" छापखानेवाले सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बाईंनाच खात्री नाही."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. मी बोलले नाही. त्यांनी कडीवरचा हात काढला, पुस्तक उघडलं आणि गजांच्या आतूनच प्रार्थना केली. सात-आठ मिनिटांत उरकली. लोकांनी 'आमेन' म्हटलं आणि निम्मे तिथूनच घरी गेले.

कब्रस्तानात पोचेपर्यंत दहा जण होते. पेटी खाली गेल्यावर तेही पांगले. खड्डेवाला फावडं टेकवून लांब उभा राहिला. मला घड्याळजीचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण पाय निघेना. तिला आत नेता आलं नाही. सारखं वाटत होतं, बोलायला हवं होतं, एक वाक्य तर होतं.

तोच बोलला. "हातभर जखमा मीच बांधायचो, ताई. रोज रात्री."

मी त्याच्याकडे वळले.

"तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. आई असतानाही, आई गेल्यावरही. म्हणायची, मला देव ओळखतो, तेवढं पुरे आहे. पण आईने आयुष्यभर कमावलं ते या लोकांमध्ये. ते तिच्याकडून काढून घ्यायचं नाही."

हे खरं होतं की त्याने स्वतःची केलेली समजूत होती, मला सांगता येणार नाही. आवाज तर खरा वाटला.

"मग मला का सांगतोस?"

"तुम्ही मला खोटारडा म्हणाला नाहीत म्हणून."

"ओठावर आलं होतं," मी म्हणाले.

"दिसत होतं."

तो वाकला आणि हातानेच माती लोटायला लागला. मीही गुडघे टेकले. तिची बाजू पुरती ठाऊक असलेली जगात आम्ही दोनच माणसं, आणि दोघांच्याही तोंडून फाटक उघडेल असा शब्द निघाला नव्हता.